ऑईल बोटात चोळून कळतं का? फिटरकाकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार फिटरकाका,

'एक जुना फिटर, शिरोली एमआयडीसी' एवढीच सही तुम्ही केलीय, म्हणून हे संबोधन. 'ऑईल तारीख बघून बदलू नका, तपासून बदला' या मशीनच्या ऑईलवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: लॅबचे चोचले मोठ्या कंपन्यांना परवडतात, तीस वर्षं तुम्ही ऑईल बोटात चोळून ओळखत आलात, नवं ते नवंच, ते कशाला गाळायचं, आणि उन्हाळ्यात ४६ च्या जागी ६८ ग्रेडचं, म्हणजे जास्त जाड, ऑईल टाकलं की पंप सुखी. शिवाय 'एसीत बसून लिहिणं सोपं असतं' हा टोला. एसी आमच्याकडे आहे काका, पण तो सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) पॅनलला.

पहिला मुद्दा मान्य. चार-पाच लिटरच्या गिअरबॉक्सचा नमुना लॅबला पाठवण्यापेक्षा नवं ऑईल टाकलेलं स्वस्त. मी सरसकट लिहून गेलो. मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय. लॅबचा हिशेब जमतो तो चारशे-पाचशे लिटरच्या टाकीला, किंवा जिथे पंप गेला की आख्खी लाईन बसते तिथे.

बोटांचं मात्र अर्धंच मान्य. जळका वास, दुधाळ रंग, चुंबकी प्लगवरचा चुरा यात तुमच्यासारख्याचा हात धरणारा कुणी नाही. पण उघड्या डोळ्याला दिसणारा बारीकात बारीक कण सुमारे ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पंपाच्या सरकत्या भागांमधली फट पाच-दहा मायक्रॉनची, सर्वो व्हॉल्व्हमधली (ऑईलचा प्रवाह बारकाईने सांभाळणाऱ्या झडपेमधली) त्याहून कमी. पंप खाणारा कण त्या फटीच्या मापाचा असतो. तो ना दिसतो, ना बोटाला लागतो.

म्हणूनच नवं ऑईलही गाळून भरा म्हणालो. कणांच्या मोजणीचा आयएसओ ४४०६ कोड एका अंकाने वाढला की कण साधारण दुप्पट होतात. २१ आणि १८ मध्ये कागदावर तीनचा फरक, ऑईलमध्ये आठपट. सीलबंद बॅरलमधलं ऑईल सर्वो व्हॉल्व्हला लागतं तितकं स्वच्छ बहुतेक वेळा नसतंच.

आणि बॅरल ठेवतो कुठे आपण? शेडबाहेर, उभं. सकाळी उन्हाने आतली हवा फुगते, थोडी बाहेर पडते. दुपारी सर आली की बॅरल गार होतं, आत ओढ बसते, आणि वरच्या कडेत साचलेलं पाणी बुचाच्या आट्यांतून आत जातं. बूच घट्ट असलं तरी. तुमच्याकडचा जुलै तुम्हाला मी काय सांगावा! बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. मग बुचाला आतून ऑईल टेकलेलं राहतं आणि हवा ओढली जात नाही.

पाणी शिरलंय का हे बघायला लॅब नको. हॉटप्लेटवर तवा १६० अंशांच्या आसपास तापवा आणि सिरिंजने एक थेंब सोडा. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. हजारात एक भाग पाणी असलं तरी कळतं, सवय झाली की त्याहून थोडंही. चष्मा घाला, आणि तो तवा परत घरी नेऊ नका. माझ्यावर त्यावरून अजून खटला चालू आहे.

आता ४६ की ६८. हे आकडे ऑईलच्या जाडपणाचे (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड), ४० अंशांवरचे, सेंटिस्टोक या मापात, दहा टक्के इकडेतिकडे. ६० अंशांना व्हीजी ४६ साधारण २० वर येतं, ६८ येतं २८ च्या आसपास. बऱ्याच पिस्टन पंपांना १६ ते ३६ मानवतं, म्हणजे दोन्ही चालतात आणि तुमचा पंप ६८ वर खूश दिसतो यात नवल नाही. पण डिसेंबरच्या सकाळी पहिल्या शिफ्टला तेच ६८ हे ४६ च्या दीडपट जाड असतं. पंपाला ओढ लागते, तो खडखडतो. वर जाड ऑईल घुसळून उष्णता वाढते ती वेगळीच. उन्हाळ्यात टाकी ७०-७५ वर जात असेल तर आधी कूलर उघडून त्यातला क्षार काढा. दर दहा अंशांना ऑईलचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ग्रेड बदलून ते परत मिळत नाही.

नुसती ग्रेड बघण्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. वर्म गिअरबॉक्सला (यात पोलादी स्क्रू ब्राँझचं चाक फिरवतो) ४६० लागतं, स्टोअरमध्ये ४६० होतं, टाकलं. ते निघालं गंधक-फॉस्फरसवालं ईपी, म्हणजे जबर दाब झेलणारं, ऑईल. पोलादी गिअरला ते वाचवतं; ब्राँझच्या चाकाला, बॉक्स तापला की, तेच गंधक खातं. काही महिन्यांनी उघडलं तर चाक काळंठिक्कर आणि ऑईलमध्ये सोनेरी चमक. बोटाला दोन्ही ४६० सारखीच लागली होती, काका. डब्यावरची बारीक अक्षरं वाचली नव्हती, एवढंच.

राहिलं ग्रीस. 'दर सोमवारी मोटरला चार स्ट्रोक' असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्यावरच मी अडकलो. बेअरिंग ६३१२ असेल तर बाहेरचा व्यास १३० मिलिमीटर, रुंदी ३१. त्यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणलं की २० ग्रॅम. एका वेळची भर एवढीच, आणि तीही काही हजार तासांनी. जास्तीचं ग्रीस आत घुसळून तापतं, मग मोटरच्या वाइंडिंगकडे (तारेच्या वेटोळ्यांकडे) सरकतं. तुमच्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा? कागदावर दहा स्ट्रोक मारून वजन करा आणि कळवा. बेअरिंगचा नंबरही लिहा, म्हणजे सोमवारचा हिशेब नीट मांडता येईल.