नऊ एकांचा वर्ग

सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एकदा आत ढकलले गेलो की आपले हात नक्की कुठे आहेत, हे ठाणं आल्यावरच कळतं. फोन काढता येत नाही, मान वळवता येत नाही. आमच्या ग्रुपमधल्या काकांना माणूस असाच लागतो. त्यांना गणिताचं वेड आहे आणि श्रोत्याला पळायला जागा नाही.

"नऊ एक घ्या," काका कानात म्हणाले. "अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. वर्ग करा."

"काका, माझी बॅग त्या साहेबांच्या पोटात रुतलीय."

"रुतू द्या. 11 चा वर्ग 121. 111 चा 12321. पुढे?"

पुढचं मला कळलं, हेच दुर्दैव. 12345678987654321! सतरा आकडी संख्या. नवापर्यंत चढते, तशीच उतरते. उलटी वाचा, तीच. अंकांची बेरीज 81, म्हणजे खुद्द नवाचा वर्ग. आणि त्या 81 नेच तिला गुणलं की नऊ नवांचा, म्हणजे 999999999 चा वर्ग मिळतो. साहेबांचं पोट तोवर आणखी आत गेलं होतं.

हे काकांचं डोकं नव्हे. द. रा. कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, ते 6174 या 'कापरेकर स्थिरांका'वाले! अशा संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना आमच्याच स्टेशनात, म्हणजे तेव्हाच्या 'डेम्लो'त सुचलं आणि त्यावरून त्यांनी 'डेम्लो संख्या' हे नाव ठेवलं. तेव्हा आजच्या मध्य रेल्वेच्या जागी जी.आय.पी. रेल्वे होती, फलाटावर काही सुचण्याइतकी जागा असणार. मला तिथे आजवर 'ही सोडू, पुढची पकडू' एवढंच सुचलंय.

"आणि दहा एक घेतले तर?" चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला एक जण म्हणाला. याला कोणी विचारलं होतं?

काका खुलले. "सगळा डौल मोडतो! मधल्या घरात दहा येतात. एका घरात दोन अंक कसे मावतील? शून्य ठेवा, हातचा एक डावीकडे. तिथे नऊ बसलेला, त्याचे झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढे आठ, त्याचा नऊ. उत्तर 1234567900987654321. चढताना आठच गायब!"

इतक्यात ठाणं आलं. दारातून एक धिप्पाड गृहस्थ मध्ये घुसले आणि त्यांचा हातचा सरकत सरकत खिडकीपर्यंत गेला. चौथ्या सीटवाला उठून उभा राहिला; म्हणजे बसायचा तेवढाही उरला नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता गप्प बसेल.

"काका," तो माझ्या खांद्यावरून म्हणाला, "अकरा एक?"

घाटकोपर अजून यायचं होतं.