व्हिसा मिळणार नाही, तरी हा कोर्स करावा का?

गोव्यातल्या आमच्या साखळी-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरतेय. मानसिक आरोग्य आणि वेलबीइंगचा ऑनलाइन कोर्स करा, इंग्लंडमध्ये केअररची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करण्याची, नोकरी पक्की. तिच्याखाली दोन तट पडलेत. एक म्हणतो, पदवी घेऊन लोकांचं हागणं-मुतणं काढायला जायचं का? दुसरा म्हणतो, फी किती ते सांग, बाकी प्रवचन नको. मी इंग्लंडात स्विंडनमध्ये हेच काम करतो, म्हणून दोघांनाही माझी साक्ष हवी आहे.

आधी जाहिरातीचा निकाल लावून टाकतो. परदेशातून केअरर बोलावण्याची सोय ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू केली. मार्च २०२४ पासून त्यांना बायको-मुलं बरोबर आणता येईनात, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशांतून नवे केअरर घेणंच बंद झालं. तेव्हा कोर्स करून गोव्यातून थेट या कामावर येता येत नाही. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. आम्ही आलो ते गोव्यावरच्या जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे मिळणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवर, ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, मुदत संपायच्या आत. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीतले बरेच ट्रकवाले, कारकून अशाच वाटेने बाहेर पडले. ती वाटही आता मिटली.

मग कोर्स फुकट जातो का? नाही, आणि माझं खरं म्हणणं इथूनच सुरू होतं.

इथे नव्या केअररला आधी ‘केअर सर्टिफिकेट’ची पायाभूत तयारी करून घ्यावी लागते. २०१५ पासूनची ही पद्धत. त्यात मानसिक आरोग्य, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांची तोंडओळख असते. पुढे लेव्हल टूचे, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीचे, लहान अभ्यासक्रम असतात. इथे राहून काही वर्षं झालेल्यांना त्यातले बरेच सरकारी खर्चाने करता येतात. मी नाइट शिफ्ट सांभाळून असे दोन केले. डॉक्टर झालो नाही. निदान करणं हे आमचं कामच नव्हे. पण बघायचं काय, ते कळलं. काल नीट बोलणारा म्हातारा आज अचानक भ्रमिष्टासारखा वागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही. लघवीत संसर्ग असू शकतो, नर्सला कळवायचं, वेळ टाकून लिहून ठेवायचं. संध्याकाळी दिवे लागताना ‘मला घरी जायचंय’ म्हणून दार हलवणाऱ्या बाईला ‘हेच तुमचं घर’ असं पटवत बसायचं नाही. घरी कोण वाट बघतंय ते विचारायचं, बरोबर चार पावलं चालायचं. आपल्याकडे तिन्हीसांजेला असं कोणी करू लागलं की आधी नारळ ओवाळतात, मग देवाला कौल लावतात. लावा बापडे, मी देवाच्या आड येत नाही. पण बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची ओपीडीही गाठा.

सगळ्यात जड गेला तो इथला २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट, म्हणजे माणसाच्या निर्णयक्षमतेचा कायदा. समोरच्याला निर्णय घेता येतो असंच धरून चालायचं. त्याचा निर्णय आपल्याला वेडगळ वाटला, एवढ्यावरून त्याची अक्कल गेली असं ठरवायचं नाही. आज आंघोळ नको म्हणाला तर नको. आमच्या घरात आजीला असं कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तिला उचलून न्हाणीत नेत. माया होती, विचारणं नव्हतं.

याचा अर्थ इंग्लंडमध्ये सगळं छान आहे असा नव्हे. हे काम इथेही किमान वेतनाच्या आसपासच रेंगाळतं. एप्रिल २०२५ मध्ये ते तासाला १२.२१ पौंड झालं. घरोघर जाणाऱ्या केअररला एकेका घरात पाव-अर्धा तास मिळतो, तेवढ्यात माणूस बोलेल की कपडे बदलेल? वेलबीइंगच्या धड्यात ‘स्वतःची काळजी घ्या’ असं लिहिलेलं असतं आणि रोटावर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, सलग चौथी नाइट. त्या धड्यावर स्टाफरूममध्ये सगळे हसतात.

पण गोव्यातल्या वादात मला वेगळंच खटकतं. कोर्सचं मोल फक्त परदेशाच्या भाषेत ठरतंय. अहो, २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांच्या प्रमाणात केरळनंतर गोवाच होता! पोरं स्विंडन, लेस्टर, आखातात. मागे बंद खोल्यांचं घर, आई आणि एजन्सीने पाठवलेली कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली मुलगी. तिला ना भाषा येते, ना डिमेन्शिया काय ते कोणी सांगितलेलं. माझ्याही घरी तसंच. आई रात्री उठून मागचं दार उघडते तेव्हा ती मुलगी बिचारी रडत मला फोन करते. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार आईच्या खात्यात येतात, पण हाताशी शिकलेलं माणूस येत नाही.

आणि हे शिकवणं गोव्याला नवं आहे का? १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. त्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत रुग्णांना फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. पुढे नैराश्य आणि दारूसाठीही थोड्या भेटींचे असेच उपचार गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत तपासले गेले. जग त्याचे दाखले देतं. साखळीतली बीए झालेली पोर मात्र मानसिक आरोग्य शिकायला लंडनच्या जाहिरातीत मार्ग शोधते.

माझी पुतणी त्यातलीच. काका, करू का, असं विचारत होती. कर म्हटलं, पण तो जाहिरातीतला नव्हे. ज्यात वॉर्डात किंवा घरी माणसाजवळ उभं राहून शिकवतात, असा शोध. आणि शिकल्यावर पगार काय, किती तास, रात्रीचे वेगळे पैसे का, हे एजन्सीला तोंडावर विचार. माझ्या आईसाठी माणूस ठेवताना हे प्रश्न मला आजवर एकाही उमेदवाराने विचारलेले नाहीत. विचारले असते, तर पैसे जास्त मोजावे लागले असते, आणि मोजायला हवेतच.