‘एका पोराला दोन आजार कसे?’ – गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष एका जागी ठरत नाही, चंचलपणा आवरत नाही) आणि ऑटिझम (स्वमग्नता; ठरलेला क्रम लागतो, गोंगाट सोसत नाही) दोन्ही आहेत, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबले. तुम्ही लिहिलंत, “एक डॉक्टर एडीएचडी म्हणाला, दुसरा ऑटिझम. म्हणजे दोघांनाही कळलेलं नाही आणि तुम्ही दोन्ही बिल्ले पोराच्या छातीवर लावताय. आमच्या वर्गातही असा एक होता. सातवीत शाळा सोडून होडीवर गेला, आज तांडेल आहे, होडीचा प्रमुख.”

दोघांनाही कळलं नाही, हा संशय मलाही आला होता. सहाव्या वर्षी एडीएचडी सांगितलं आणि नवव्या वर्षी ऑटिझम, तेव्हा मी घरी येऊन पहिली फाईल फेकायलाच काढली होती. पण तुमच्या-माझ्या या संशयाचं मूळ जुनं आहे. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ जे अमेरिकन निदान-पुस्तक वापरतात, त्या डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत नियमच होता की ऑटिझम असेल तर वेगळं एडीएचडी लिहायचं नाही. एक काहीतरी निवडा! हा नियम २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत गेला, कारण दोन्ही असलेली मुलं दवाखान्यात रोज समोर येत होती. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी ३० पासून ८० टक्क्यांपर्यंत मुलांत एडीएचडीची लक्षणं सापडल्याचे अभ्यास आहेत. आकडा इतका हलतो, कारण कुणाला मोजलं आणि कसं मोजलं हे दरवेळी वेगळं. पण अगदी खालचा आकडा धरला तरी तीनातलं जवळजवळ एक मूल होतं. आणि आधी एडीएचडी ठरलं की ऑटिझम ओळखायला वर्षं जातात, कारण प्रत्येक गोष्ट ‘चंचल आहे हो’ म्हणून त्याच खात्यात जमा होते. आमच्याकडे तीन वर्षं गेली.

आता घरातलं सांगते. गणपतीत आमच्याकडे आरत्यांचा क्रम ठरलेला. चाकरमानी दीर एखादी आरती गाळून पुढे गेले की हा ओरडतो, पहिल्यापासून म्हणायला लावतो. झांजा सुरू झाल्या की कान दाबून मागच्या पडवीत जातो. आणि तिसऱ्या आरतीला पाहावं, तर पडवीतही नाही. विहिरीच्या कठड्यावर वाकून बेडूक बघतोय. क्रम हवा तो त्यालाच, आणि त्या क्रमात पाच मिनिटं टिकता येत नाही तेही त्यालाच. ‘हट्टी’ म्हणावं तर विहीर आडवी येते, ‘चंचल’ म्हणावं तर तो क्रम.

तुम्ही विचारलंय, रेल्वेची स्टेशनं पाठ आहेत तर लक्ष लागत नाही कसं म्हणता? चिपळूण, कामथे, सावर्डे, आरवली... थेट मडगावपर्यंत म्हणतो, खरंय. एडीएचडीत लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळवणं आणि नको तिथून काढणं जमत नाही. स्टेशनांवरून ते निघत नाही, गणितावर बसत नाही.

दोन नावं लागतात ती यासाठी. आम्ही फक्त चंचलपणाचा उपाय करत होतो तेव्हा शिक्षिकेने सांगितलं, रोज नवं काहीतरी द्या म्हणजे कंटाळणार नाही. रोज नवं! त्या महिन्यात त्याने शाळेच्या फाटकात लोळण घेतली. औषधाचंही तसंच. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने तो बसायला लागला, पण जेवण तुटलं आणि झोप उडाली. ऑटिझमही असेल तर हे औषध कमी मुलांना लागू पडतं आणि त्रास जास्त होतो, म्हणून थोडक्या मात्रेने हळूहळू वाढवतात. आमच्या पहिल्या डॉक्टरांना दुसरी बाजू माहीतच नव्हती, मग ते हळू कशाला जातील? आता भिंतीवर दिवसाचा चित्रांचा तक्ता आहे, रोज तोच. फक्त प्रत्येक कामाचे तुकडे दहा मिनिटांचे, मध्ये खळ्यात एक फेरी.

बिल्ल्यांचं म्हणाल, तर त्यातला एक सरकारी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. दुसरी फाईल फेकली असती, तर प्रमाणपत्रही नसतं आणि परीक्षेतला जादा वेळही नाही. थेरपीच्या नावाने पालकांना लुटणारे आहेत, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. त्यावर वेगळं लिहीन, नावं न घेता.

राहिला तुमचा तांडेल. तुमच्या मते तो समुद्रावर शहाणा झाला. मला त्याचं सातवीत शाळा सोडणं डाचतंय. बंदरावर भेटला तर एवढं विचाराल का, की त्याला शाळा सोडावीशी वाटली तो दिवस कसा होता? त्याने सांगितलं तर मला कळवा. आणि मे महिन्यात गुहागरला आलात तर घरी या. फक्त येण्याची वेळ आदल्या दिवशी सांगा, तक्त्यावर तुमचं चित्र लावावं लागेल.