उपाशी राहून भागत नाही

‘प्रवासाच्या दिवशी काही खाऊच नका’ हा शौचावर ताबा न राहणाऱ्यांना प्रवासासाठी लेखात दिलेला सल्ला मला पटला नाही. दुसऱ्या बाळंतपणात टाके पडल्यापासून माझा शौचावर ताबा राहत नाही. पुणे-कोल्हापूर एसटी उपाशीपोटी करून पाहिली. साताऱ्याच्या स्टँडवर चक्कर आली म्हणून कटिंग चहा घेतला, आणि पुढच्या वाटेत व्हायचं ते झालंच! पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, सकाळी तर जास्तच. त्यात चहा.

आता निघायच्या दोन तास आधी मऊ भात खाते, संडासला जाऊन येते, मगच घर सोडते. पिशवीत जादा सलवार आणि पॅड. कंडक्टरला आधीच सांगून ठेवते, लाज गेली खड्ड्यात. खरा फरक पडला तो गुदद्वाराचे स्नायू आवळायच्या व्यायामाने, तोही तीन महिन्यांनी. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.