सूर्य म्हातारपणी खवळलेला नाही

यावल-रावेरकडच्या केळीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: सूर्य म्हातारा झालाय म्हणून त्याचं चुंबकत्व खवळलंय, मे २०२४चं सौर वादळ हा त्याचा पुरावा, त्या चुंबकीय किरणांमुळेच जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या वर जातो, केळी करपते, आणि यावर माणसापाशी इलाज नाही. शेवटचं वाक्य वाचल्यावर मला गप्प बसवेना.

आधी वयाचं बोलू. सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे मध्यमवयीन. आणि सूर्यासारख्या ताऱ्यांचं चुंबकत्व वयाबरोबर वाढत नाही, ओसरतं. हे चुंबकत्व येतं ताऱ्याच्या फिरण्यातून आणि त्याच्या पोटातल्या उकळत्या वायूच्या घुसळणीतून. तरुण तारा गरगर फिरतो. पण त्याच्यापासून सुटणारा विद्युतभारित कणांचा वारा चुंबकीय रेषांना धरून दूरवर जातो आणि जाताना ताऱ्याची थोडी थोडी गती घेऊन जातो. गिरकी घेणाऱ्या पोरीनं हात पसरले की तिचा वेग मंदावतो, तसंच हे. फिरणं मंदावलं की चुंबकत्वही उतरतं.

हे मोजलेलं आहे. चुंबकत्व जिथं जास्त, तिथं ताऱ्याचा वरचा वायू तापतो आणि ताऱ्याच्या प्रकाशातल्या कॅल्शियमच्या ठरावीक जांभळ्या रंगांमध्ये (वर्णपटातल्या रेषांमध्ये) चमकतो. खगोलशास्त्रज्ञ ओलिन विल्सन यांनी १९६६पासून अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या वेधशाळेत अनेक ताऱ्यांची ही चमक सातत्यानं नोंदवली. १९७२ साली अँड्र्यू स्कुमानिच यांनी कृत्तिका (१२ कोटी वर्षांच्या आसपास), रोहिणीच्या दिशेला दिसणारा हायडीज पुंज (सुमारे ६५ कोटी, खुद्द रोहिणी त्यातली नाही) आणि आपला सूर्य एका ओळीत मांडले. वय चौपट झालं की फिरण्याचा वेग आणि ही चमक दोन्ही निम्म्यावर येतात, असं दिसलं. ईके ड्रॅकोनिस हा सूर्याच्याच जातीचा, पण जेमतेम १० कोटी वर्षांचा तारा तीन दिवसांच्या आत एक फेरी मारतो. आपल्या सूर्याला विषुववृत्तावर २५ दिवस लागतात. क्ष-किरणांत तो पोरगा सूर्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी आहे. खवळलेला म्हणायचाच तर तो.

उतारवयातली गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. २०१६मध्ये केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून दिसलं की मध्यमवयानंतर कणांच्या वाऱ्याचा हा ब्रेकच ढिला पडतो आणि तारे अपेक्षेइतके मंदावत नाहीत. पण त्याचं कारण बहुधा चुंबकत्वाची पकड सुटणं हेच आहे.

मे २०२४चं वादळ खरं होतं. लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. पण तो सूर्याच्या चुंबकत्वाच्या ११ वर्षांच्या चढउताराच्या चक्राचा भरतीचा काळ होता. १९५७-५८च्या भरतीत सूर्यावरचे डाग (चुंबकत्वाच्या जोराची खूण) याहून कितीतरी जास्त होते, आणि २०१४च्या आसपासची भरती शंभरेक वर्षांतली सर्वांत दुबळी ठरली. ४६० कोटींपुढं सत्तर वर्षांत म्हातारपण कसलं मोजायचं?

आता आपल्या पाऱ्याचं. या चक्रात सूर्याची ऊर्जा हजारात एक भाग इतकीच कमीजास्त होते. जळगावात २५ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. रानं मोकळी, काळी जमीन कोरडी, वायव्येकडून सुका वारा. त्यात हवेत माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड. १९८०च्या दशकापासून पृथ्वी तापत गेली, पण सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही.

केळीचं पान फाटतं-करपतं ते त्या तापल्या वाऱ्यानं आणि पाण्याच्या ताणानं. म्हणून ‘इलाज नाही’ हे म्हणणं धादांत खोटं आहे. बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ताटी असली आणि ठिबकचं पाणी वेळेवर पोचलं, तर तीच बाग मे महिना काढते. ताटी मात्र उन्हाळ्याआधीच वाढलेली हवी; एप्रिलमध्ये लावून उपयोग नाही.