उंचीपेक्षा वजन बघा

‘स्नोबोर्ड हनुवटीपर्यंत आला की माप झालं’ हे स्नोबोर्ड (बर्फाच्या उतारावरून उभ्याने घसरत जायची फळी) कसा निवडावा यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनाने. मी म्हापशाचा, दर हिवाळ्यात गुलमर्गला जातो, वजन ८२ किलो. हनुवटीच्या मापाने घेतलेला माझा १५२ सेंटिमीटरचा बोर्ड वेग वाढला की थरथरायचा, ताज्या भुसभुशीत बर्फात त्याचं टोक बुडायचं. १५९चा घेतला आणि पहिल्याच उतारावर फरक कळला.

आणि रुंदीबद्दल एक शब्दही नाही! बूट मोठे असतील तर वाइड, म्हणजे जास्त रुंद बोर्डच हवा, नाहीतर वळताना बुटाची टोकं बर्फाला घासतात आणि बोर्डच्या कडेची बर्फावरची पकड सुटते. आपल्याला गोव्यात बसून हे कळणार कसं? गुलमर्गला दोन-तीन मापांचे बोर्ड भाड्याने चालवून बघा, मगच विकत घ्या.