मी पत्रीप्रमुख होतो तेव्हा

धोतऱ्याला लावलेला हात डोळ्याला लावू नये, हे मला २४ ऑगस्टच्या सकाळपर्यंत कोणीही सांगितलं नव्हतं. दुपारी आरशात पाहिलं, तर उजव्या डोळ्याची बाहुली डावीच्या तिप्पट झालेली. बायको म्हणाली, "अहो, एका डोळ्याने तुम्ही चिडल्यासारखे दिसताय आणि दुसऱ्याने नेहमीसारखे." डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, हसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "धोतरा तोडलात का?" धोतऱ्याच्या रसात अ‍ॅट्रोपीन असतं, ते डोळ्यात गेलं की बाहुली पसरते आणि दोन-चार दिवस आवरत नाही. "आम्ही हेच काम थेंब घालून करतो," ते म्हणाले, "आणि त्याचे पैसे घेतो." धोतरा माझा होता, तरी पैसे त्यांनी घेतलेच.

सोमवारी पतसंस्थेत मला जवळचे आकडे दिसेनात. कर्जाला जामीन राहायला आलेले एक गृहस्थ माझ्या डोळ्यांकडे टक लावून बघत होते. सही न करताच गेले.

हे सगळं एका मोटारीपायी. मोटार म्हणजे बोअरवेलची. आमच्या तालुक्याच्या गावात बागप्रेमींचं एक मंडळ आहे. सभासद चौतीस, त्यातल्या सव्वीस बायका. उरलेले पुरुष एक तर निवृत्त किंवा माझ्यासारखे फसलेले. मी गेलो होतो गांडूळखतासाठी. सभासदाला किलोमागे पाच रुपये सवलत मिळते आणि वर्षाची वर्गणी तीनशे रुपये आहे. मला वर्षाला चार किलो खत लागतं. पतसंस्थेत व्याजाचे हिशेब करण्यात जन्म गेला, पण हा एक हिशेब तेवढा मी पावती फाडण्याआधी केला नाही.

मंडळाकडे एसटी स्टँडसमोरची त्रिकोणी बाग आहे. नगरपरिषदेने ती दत्तक दिली आहे. दत्तक म्हणजे बाग त्यांची, पाटी आपली आणि पाणीही आपलंच. मे महिन्यात त्या पाण्याची मोटार जळाली. वाइंडिंगवाल्याने सहा हजार आठशे सांगितले. खात्यात तेव्हा दोन हजार शंभर होते, कारण जानेवारीत मंडळाची पुण्याला सहल झाली होती. एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला जे पुष्पप्रदर्शन भरतं, ते पाहायला सगळे मिनीबसने गेलो. जाताना माणसं बसून गेली. येताना सीटवर कुंड्या होत्या. मी खंबाटकी घाट एक अ‍ॅडेनियम मांडीवर घेऊन उतरलो, आणि ते अ‍ॅडेनियम माझं नव्हतं.

तर मोटारीसाठी पैसे उभे करायचे म्हणून जुलैत सभा झाली. आमच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळं गाव 'बाई' म्हणतं. निम्म्या गावाला त्यांनी छड्या मारल्यात आणि उरलेल्या निम्म्याला मारायच्या राहून गेल्या, अशी त्यांची चर्या असते. कोणी म्हणालं लकी ड्रॉ काढू. कोणी म्हणालं संक्रांतीला वाण म्हणून रोपं विकू. पण संक्रांत सहा महिने लांब. खजिनदार अण्णा म्हणाले, "प्रत्येकी दोनशे काढा, विषय संपवा." सभेत अशी काही शांतता पसरली की अण्णांनी स्वतःहूनच "सहज म्हटलं" असं इतिवृत्तात घालायला सांगितलं.

मग बाई म्हणाल्या, "पत्री."

गणपतीच्या पूजेला एकवीस प्रकारची पत्री लागते. बाजारात जी मिळते तिच्यात हातात येईल त्या बांधावरचा पाला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि गणपतीलाही माहीत असावं. बाईंचं म्हणणं असं, की आपण खरी एकवीस पानं द्यायची, प्रत्येक जुडीबरोबर नावांची छापील चिठ्ठी द्यायची. लोकांना झाडांची ओळख होईल, मंडळाला पैसे मिळतील. जुडी साठ रुपये.

कल्पना चांगली होती. चूक माझी झाली. मी हात वर केला आणि विचारलं, "बाई, पण देवदार कुठून आणायचा?"

आमच्या मंडळात एक नियम आहे. तो घटनेत लिहिलेला नाही, पण एकमताने पाळला जातो. ज्याने प्रश्न विचारला, त्याने काम करायचं. त्याच मिनिटाला मी पत्रीप्रमुख झालो. टाळ्याही वाजल्या.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकशे बारा जुड्यांची नोंदणी झाली. आता यादी ऐका. माका, मालती, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांत, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा. म्हणायला हे स्तोत्रासारखं वाटतं. तोडायला गेलं की कळतं, यातली निम्मी झाडं माणसाने आपल्या जवळ येऊ नये अशाच बेताने उगवलेली आहेत. डोरलीला पानावरही काटे. बोरीचे काटे आकड्यासारखे वाकडे, म्हणजे हात आत सहज जातो. रुईचा चीक. केवड्याच्या पानाच्या दोन्ही कडांना करवत असते आणि मधल्या शिरेला खालून तिसरी. आघाड्याजवळून नुसतं चालत गेलं तरी त्याचं बी पँटला चिकटून घरी येतं आणि धुण्यात सगळ्या कपड्यांना भेटतं. बायकोने त्या आठवड्यात माझे कपडे वेगळे धुतले. मला वाटलं सहानुभूतीने.

माक्याला शोधायला मी दोन दिवस शेतं पालथी घातली. केसाच्या तेलाच्या बाटलीवर मोठ्या दिमाखात भृंगराज म्हणून मिरवणारा हा माका शेवटी नगरपरिषदेच्या मागच्या गटाराकडेला सापडला. गुडघाभर, टवटवीत. मी तिथे वाकून तोडत असताना आरोग्य विभागातला एक ओळखीचा कर्मचारी थांबला. त्याने काही विचारलं नाही. नुसता थांबला आणि गेला. ते मला जास्त लागलं.

बेलाची वेगळीच कथा. श्रावणात चार सोमवार येऊन गेलेले. गावातल्या तिन्ही महादेवांच्या आवारातले बेल असे सोललेले, की नुसते काटे आणि श्रद्धा शिल्लक. गुरव म्हणाले, "बाळासाठी आईने दूध राखावं तसं शेंड्याला थोडं राखलंय, पण शिडी तुमची." शिडी अण्णांची होती. अण्णांनी ती दिली आणि नोंदवहीत 'शिडी १, परत येणे' असं लिहून माझी सही घेतली.

शमी गावात एकच. अर्जुन नदीकाठी, तिथे चिखल. तुळशीवरून मात्र मंडळात उभी फूट पडली. गणपतीला तुळस चालत नाही, असं निम्म्या बायकांचं म्हणणं. चतुर्थीच्या पत्रीत तेवढी चालते, असं उरलेल्यांचं. दोन्ही बाजूंनी आजेसासूंचे दाखले निघाले. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली (पट्टी त्या अजून बाळगतात) आणि तुळस पत्रीत गेली.

आणि देवदार. देवदार हिमालयात होतो. आमचं गाव हिमालयापासून लांब आहे, हे मी सभेतच सुचवलं होतं. कोणी म्हणालं आसुपालवाची पानं घाला, लांबून कोणाला कळतंय. बाईंना चालेना. 'खरी एकवीस' असं चिठ्ठीवर छापून झालं होतं. शेवटी काष्ठौषधीच्या दुकानात देवदार मिळाला. पानं नव्हेत, लाकूड. काढ्यासाठी विकतात ते. दुकानदाराने किलोभर लाकूड मोजलं आणि विचारलं, "घरात कोणाला एवढी सूज आलीय?" मी त्याच्या एकशे बारा ढलप्या केल्या. हात मात्र घमघमत होते, हे खरं.

राहिल्या दूर्वा. दूर्वांची मी काळजीच केली नव्हती. गवतच ते. जुडीला एकवीस, म्हणजे दोन हजार तीनशे बावन्न काड्या. पण आपल्या बागेत हवी तेवढी हरळी आहे, असं मी धरून चाललो होतो. शेतात असते तेव्हा ती हरळी असते, शेतकरी तिला शिव्या घालतो, आणि तीच गणपतीपुढे आली की दूर्वा होते. २५ तारखेला संध्याकाळी मी पिशवी घेऊन त्रिकोणी बागेत गेलो. बागेत एक काडी नव्हती. मऊ, एकसारखं, शहाणं लॉन. मग आठवलं. जुलैत मंडळाने लॉनचे गालिचे आणून अंथरले होते, आणि त्याआधी चार दिवस मजुरीवर एक बाई लावून सगळी हरळी मुळासकट खणून काढली होती. ठराव मीच मांडला होता. 'हरळीचा समूळ नायनाट' असे माझे शब्द इतिवृत्तात आहेत.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. पहाटे साडेपाचला मंडईत गेलो. पाऊस. एका मावशींपुढे प्लास्टिकच्या कागदावर दूर्वांच्या हिरव्यागार जुड्या रचलेल्या. लांब, कोवळ्या, तीन-तीन पात्यांच्या.

"कशी दिली, मावशी?"

"धाची दोन."

"एकशे बारा पाहिजेत. पाचच्या भावाने धरतो, पण दूर्वा चांगली आहे ना?"

मावशी हसल्या. "चांगली नसंल तर कुणाची नसंल? तुमचीच हाय की ही दादा. तुमच्या बागंतली. खणून काढायला लावली तवा पोतं भरून घरी न्हेली, परसात लावली. पानी घातलं नुसतं."

खणणाऱ्या बाई याच होत्या. चार दिवसांचे सोळाशे रुपये त्यांना मीच मोजून दिले होते. आता पाचशे साठ पुन्हा दिले. त्यांनी वर दोन जुड्या फुकट टाकल्या. "घरच्या गणपतीला," म्हणाल्या.

बाईंच्या हॉलमध्ये सकाळी सहापासून जुड्या बांधणं सुरू झालं. एकवीस ढीग, चौदा बायका, एक पंखा. पंखा लावला की शमी उडायची, बंद केला की बायका तापायच्या. कोणी कण्हेरीला रुई म्हणत होतं, कोणी हादग्याला शमी. माझ्या एका डोळ्याला जवळचं दिसत नव्हतं, त्यामुळे मी जुड्या हाताने चाचपून तपासत होतो. टोचली की डोरली, चिकटली की रुई, वास आला की मरवा. काहीच झालं नाही की पिंपळ. ही पद्धत पुढे बायकांनीही उचलली.

नऊपर्यंत पोहे झाले. दहापर्यंत चहा दोनदा झाला. जुड्या अकराला झाल्या. तोवर सव्वीस गिऱ्हाइकं हरतालिकेची पूजा बाजारच्या पाल्यावर उरकून मोकळी झाली होती. ती म्हणाली, आता उद्याच्या गणपतीला घेऊ.

तक्रारी दोनच आल्या. एक, "पत्रीत लाकडाची ढलपी निघाली." दुसरी त्याच घरातून, तासाभराने, "ढलपी चुलत्यांनी सुपारी समजून चावली, काही होत नाही ना?" मी काष्ठौषधीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सूज असेल तर उतरेल.

रविवारी अण्णांनी हिशेब मांडला. जमा सहा हजार सातशे वीस. त्यातल्या नऊ जुड्या उधारीवर, आणि उधारीवर नेणारे सगळे आमच्याच कार्यकारिणीतले. खर्च : दूर्वा ५६०, टेम्पो ९००, देवदार ४५०, केवडा ११२०, छपाई ६७२, चहा-पोहे १३४०. डॉक्टरांची फी मी मागितली. अण्णा म्हणाले, "ती वैयक्तिक डोळ्याची आहे." हातात रोख उरले ११३८. मोटारीचे सहा हजार आठशे. वाइंडिंगवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "गणपतीनंतर रेट वाढतील."

हिशेबात न आलेलंही काही होतं. गणपतीनंतर पंधरा दिवसांनी मंडळाची दरवर्षीची परसबाग स्पर्धा असते. बाई परीक्षकांना घेऊन फिरायला निघाल्या आणि तिसऱ्याच घरातून परत आल्या. सचिवांच्या डाळिंबाला पान नव्हतं. एका वहिनींची जाई, गेल्या वर्षीचं पहिलं बक्षीस, वाळवणाच्या दोरीसारखी लोंबत होती. मरवा तर कोणाकडेच नव्हता, कुंड्या होत्या. झाडं जगवायला काढलेल्या मंडळाने गावातली झाडं चतुर्थीपायी ओरबाडली होती आणि त्यावर माझी देखरेख होती. स्पर्धा दिवाळीनंतर ढकलली.

विसर्जनाला मंडळ नदीकाठी निर्माल्य गोळा करतं. हा उपक्रम मात्र आमचा खरोखर चांगला आहे. पाच दिवसांचे, सात दिवसांचे, अनंत चतुर्दशीचे, सगळे गणपती होईपर्यंत आम्ही टोपल्या घेऊन उभे असतो. हार, फुलं, पत्री नदीत जाऊ देत नाही. ते सगळं बागेतल्या खड्ड्यात टाकून खत करतो. यंदा टोपल्यांमध्ये मला आमच्याच जुड्या ओळखू येत होत्या. एका जुडीचा दोराही सुटला नव्हता. ढलप्या तर सगळ्या परत आल्या, एक सोडून.

अर्धवट कुजलेलं ते खत ऑक्टोबरात लॉनवर पसरलं. पुरतं कुजू द्यायला हवं होतं, हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी सकाळी बागेत गेलो, तर लॉनमधून जागोजागी लांब, कोवळी, तीन-तीन पात्यांची हिरवी टोकं वर आलेली. हरळी. दोऱ्याएवढा तुकडा मातीला लागला तरी ती जगते. मावशी खुरपं घेऊन कठड्यावर बसल्या होत्या.

"काढायची का, बाई?" त्यांनी विचारलं. "मागच्याच भावात काढीन."

बाई वाकून बराच वेळ लॉनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. तोवर झकास वाढेल."

मग लॉनचं काय, असं विचारायला मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जांभई दिली आणि तोंड मिटलं.